समजलं तरच भांडता येतं

या दिवाळीत कराडला घरी गेलो, तेव्हा भाचीच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा गठ्ठा सोप्यात पडलेला होता. विषय जात्यावरच्या ओव्यांचा. त्यातल्या बऱ्याचशा ओव्या तिने तिच्या आजीकडून, म्हणजे माझ्या आईकडून, उतरवून घेतलेल्या. आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. दळणकांडण सुटून जमाना झाला, पण ओव्या अजून सुटलेल्या नाहीत. निवडण-टिपण करताना मध्येच एखादी गुणगुणते.

फराळ करता करता आई भाचीला म्हणाली, "माज्याबद्दल काय लिवलंयस गं? वाच की जरा."

भाचीने गठ्ठा उचलला, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. "आजी, ते तसं नसतं गं. जरा अवघड भाषेत असतं ते."

"बरं," असं म्हणून आई उठली आणि आत गेली.

ते "बरं" मला चांगलंच टोचलं. दुपारी सगळे पेंगत असताना मी तो गठ्ठा हातात घेतला. मी कॉमर्सचा, बँकेत आयुष्य गेलेला माणूस, पण वाचनाची सवय आहे. तरीही पहिल्याच पानावर अडकलो. तिची परवानगी घेऊन ते वाक्य इथे देतो:

"जात्यावरील ओवीच्या मौखिक संहितेतून स्त्रीत्वाच्या परिघीकरणाचे चिन्हनव्यापार आत्मनिष्ठेच्या विकेंद्रीकरणाच्या रूपाने प्रतिध्वनित होत राहतात."

चार वेळा वाचलं. मग तिला उठवून विचारलं की बाई, याचा अर्थ काय? ती हसली. म्हणाली, "मामा, खरं सांगू? सोपं लिहिलं की म्हणतात, हे शाळेतल्या निबंधासारखं वाटतंय. फुको, देरिदा कुठे आहेत? मग मी हे असं लिहायला शिकले." कोण म्हणतं, कुठलं विद्यापीठ, ते इथे सांगण्याचं कारण नाही. ही काही एका माणसाची किंवा एका ठिकाणची गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीतिसंगमावर फिरायला गेलो तरी ते वाक्य डोक्यात होतंच. आणि तिथे कृष्णा-कोयनेकडे बघत असताना एकदम आठवण झाली ती आगरकरांची.

आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. कृष्णेचं पाणी उचलून सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी तालुक्यांत नेणारी. पण गोपाळ गणेश आगरकर जन्मले ते याच टेंभूत, कराड तालुक्यात, १८५६ साली. त्यांचं लहानपणीचं शिक्षण कराडात झालं. आपल्याला ते माहीत असतात समाजसुधारक म्हणून, 'सुधारक'कार म्हणून, टिळकांचे मित्र आणि मग विरोधक म्हणून. पण त्यांनी १८८८ साली, म्हणजे ज्या वर्षी 'सुधारक' सुरू केलं त्याच वर्षी, एक व्याकरणाचं पुस्तकही काढलं होतं: 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण'. आधी मला याची गंमत वाटायची. बालविवाह, केशवपन, सोवळंओवळं यांवर तुटून पडणारा माणूस वाक्यांची चिरफाड करत कशाला बसला असेल? आता वाटतं, ही दोन कामं वेगळी नसावीत. कोणी काय केलं, कोणाला केलं, कशासाठी केलं, हे वाक्यात नीट दिसलं तरच त्याचा जाब विचारता येतो.

आपण सगळ्यांनी शाळेत वाक्यपृथक्करण केलेलं आहे. आधी उद्देश्य काढा, मग विधेय, मग त्यांचा विस्तार. घरी येऊन मी आणि भाचीने त्या वाक्याला तेच केलं. उद्देश्य: चिन्हनव्यापार. विधेय: प्रतिध्वनित होत राहतात. बाकी सगळा विस्तार. आता ओवी कोणी म्हटली? वाक्यात नाही. परिघीकरण, म्हणजे कडेला ढकलणं. पण ढकललं कोणी? तेही नाही. विकेंद्रीकरण आपोआप होतंय, प्रतिध्वनी आपोआप उमटतोय. पहाटे चारला उठून जात्यावर बसणारी बाई त्या वाक्यात कुठेच नाही. जिच्यावर अन्याय झाला तीही गायब आणि ज्याने केला तोही गायब. उरले ते नुसते व्यापार.

इथे थोडं थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे "आमच्या वेळी असं नव्हतं" छापाचं रडगाणं होईल.

अवघड शब्द हा काही गुन्हा नाही. नवा विचार आला की नवा शब्द लागतो. आगरकरांनाही मिल आणि स्पेन्सर मराठीत आणताना शब्दांची जुळवाजुळव करावी लागलीच. दिनांक, महापौर, प्राचार्य हे सावरकरांनी रूढ केलेले शब्द एकेकाळी लोकांना विचित्र वाटले असतील. आज आपण ते सहज वापरतो. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा आमच्या कराडचेच यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. १९६० सालीच भाषा संचालनालय निघालं, साहित्य संस्कृती मंडळ निघालं, आणि मंडळाचे अध्यक्ष झाले वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पदनाम कोश आला तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल झाली. पण विश्वकोशाच्या कामात एक शहाणपण होतं. १९७६ साली पहिला खंड निघाला, त्याच्या आधी परिभाषासंग्रहाचा खंड तयार करून ठेवला होता. म्हणजे आधी शब्द ठरवू, ते सगळ्यांसमोर ठेवू आणि मग लिहू. न समजलेला शब्द वाचकाला शोधता यावा ही त्यात सोय होती.

समीक्षेच्या मराठीत ही सोय राहिली नाही. 'डीकन्स्ट्रक्शन'ला कोणी विरचना म्हणतं, कोणी विखंडन. 'डिस्कोर्स'ला कोणी चर्चाविश्व, तर कोणी संकथन. शब्द अवघड असला तर एकदा शिकून घेता येतो. पण ज्या वाक्यात कर्ताच नाही ते वाक्य शिकून घेता येत नाही. अवघड शब्द आणि धूसर वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नेहमी भांडतो ते बिचाऱ्या शब्दाशी.

मग हे धुकं फ्रान्समधून आलं का? गंमत अशी की फ्रेंच लोकांना शेकडो वर्षं अभिमान होता तो भाषेच्या स्वच्छपणाचा. देकार्तने १६३७ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो विद्वानांची लॅटिन सोडून फ्रेंचमध्ये, जेणेकरून पंडितांच्या बाहेरच्या लोकांनाही वाचता यावा. १७८४ साली रिव्हारोल नावाच्या लेखकाने बर्लिनच्या अकादमीच्या निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवलं ते, स्पष्टपणा हाच फ्रेंच भाषेचा धर्म आहे असं ठणकावून सांगत.

विसाव्या शतकातल्या फ्रेंच विचारवंतांना नेमकी याचीच शंका आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जी भाषा आपल्याला सोपी, सरळ वाटते तिच्यातच सगळे जुने समज मुरलेले असतात. "बाई म्हटलं की हे आलंच" या वाक्यात समजायला अवघड काय आहे? काहीच नाही. म्हणूनच ते धोक्याचं. तेव्हा भाषेला अडखळायला लावा, म्हणजे माणूस थांबून विचार करेल. हे म्हणणं मला खोटं वाटत नाही. १९६६ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक परिषद भरली. देरिदा, लाकाँ, बार्थ तिथे गेले आणि हा विचार अटलांटिक ओलांडून पसरला. १९७६ साली देरिदाच्या एका मुख्य ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर झालं, ते केलं एका बंगाली बाईंनी, गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी. तिथून इंग्रजीमार्गे आपल्या विद्यापीठांत.

पण प्रवासात काहीतरी सांडलं. पॅरिसमध्ये जे बंड होतं ते पुढे पदवी मिळवण्याची अट झालं. १९९२ साली केंब्रिजने देरिदाला मानद पदवी द्यायची ठरवली, तर विरोध होऊन मतदान घ्यावं लागलं. ३३६ विरुद्ध २०४ मतांनी पदवी मिळाली. १९९६ साली अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम निरर्थक लेख लिहून तो एका प्रतिष्ठित नियतकालिकाला पाठवला. गुरुत्वाकर्षणाच्या पुंज सिद्धान्तावर, पण सगळी भाषा फॅशनेबल. तो छापून आला! मग त्यानेच जाहीर केलं की ही थट्टा होती. माझ्या मते त्यातून फुको किंवा देरिदा खोटे ठरत नाहीत. ठरतं एवढंच की त्या लेखाला नाही म्हणण्याइतपत तो कोणाला समजलाच नव्हता.

याच स्पिवाकबाईंचा १९८८ सालचा एक निबंध जगभर गाजला. प्रश्न असा की जे समाजाच्या अगदी तळाशी आहेत त्यांना बोलता येतं का, म्हणजे त्यांचं बोलणं कुणाला ऐकू येतं का. निबंध महाकठीण आहे; मी इंग्रजीतून वाचायचा प्रयत्न दोनदा सोडून दिलाय. पण शेवटी एका मुलीची गोष्ट आहे, ती कुणालाही कळेल. भुवनेश्वरी भादुरी, कोवळी पोर, १९२६ साली कलकत्त्यात गळफास घेतला. ती सशस्त्र क्रांतिकारकांच्या गटात होती आणि सोपवलेलं काम तिच्या हातून झालं नाही. लोक म्हणणार, पोटुशी असेल. म्हणून तिने मासिक पाळी येईपर्यंत वाट पाहिली. तरीही घरातल्यांनी अर्थ काढला तो प्रेमप्रकरणाचाच. ही मुलगी स्पिवाकबाईंच्या आजीची बहीण होती, हे त्यांनी पुढे सांगितलं. सगळा निबंध विसरला तरी ही मुलगी विसरत नाही. कारण इथे वाक्यात कर्ता आहे.

असो. पुन्हा कराडला येतो, कारण माझ्या मनात या सगळ्याचा उलगडा झाला तो इथल्याच एका प्रसंगाने.

१९७५ साल. त्या वर्षी पॅरिसमध्ये फुकोचं तुरुंग आणि शिस्त या विषयावरचं पुस्तक निघालं. माणसांवर सतत नजर ठेवून, वेळापत्रकात बांधून त्यांना आज्ञाधारक कसं केलं जातं याचा तो इतिहास. (त्याची सुरुवात वाचा, १७५७ सालच्या एका भयंकर देहदंडाचं वर्णन आहे, लख्ख भाषेत. म्हणजे त्याला सोपं लिहिता येत नव्हतं असं नाही.) आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली. शिस्त हा शब्द देशभर परवलीचा झाला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधक तुरुंगात.

त्या डिसेंबरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं ते आमच्या कराडात. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री. आणि अध्यक्ष दुर्गा भागवत.

दुर्गाबाई म्हणजे काही पोथीपुराण सांगणाऱ्या साध्या बाई नव्हत्या. समाजशास्त्र, लोकसाहित्य, संस्कृत, पाली, बौद्ध वाङ्मय. त्यांच्याइतकं वाचलेलं माणूस मराठीत विरळा. जडजंबाल लिहायचं ठरवलं असतं तर त्यांना कोण अडवणार होतं? पण त्यांनी लिहिलं ते 'ऋतुचक्र' आणि 'पैस'. कराडच्या मांडवातही त्यांनी सत्तेच्या संरचनेविषयी प्रवचन केलं नाही. समोर केंद्रीय मंत्री बसलेले असताना त्या लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या आणि आजारी असलेल्या जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. एवढंच. आजारी माणसासाठी प्रार्थना. पण मांडवातल्या प्रत्येकाला, अगदी मागे उभ्या असलेल्या माणसालाही, ती कळली. आणि सरकारलाही कळली. पुढे १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.

आगरकरांचंही तेच. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले आणि बाहेर येऊन त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे सुधारणेचं असं लिहिलं की पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आता विचार करा, एखाद्याची प्रेतयात्रा काढायची तर तो काय म्हणतोय हे आधी कळायला लागतं. जे फ्रेंच पंडित म्हणतात की सोप्या भाषेत रूढीच बोलते, त्यांना आमच्या टेंभूचा हा माणूस दाखवावासा वाटतो. रूढीवर त्याच्याइतके घाव घातलेले कमी लोक असतील, आणि भाषा अशी की विरोधकाला पळवाट मिळू नये. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच, १८९५ साली, ते गेले.

म्हणजे स्वच्छ लिहिण्यात धोका आहे. स्वच्छ वाक्याला माणूस नाही म्हणू शकतो, रागावू शकतो, तुरुंगात टाकू शकतो. धुक्यात लिहिणाऱ्यावर असली पाळी कधी येत नाही. "तुम्हाला माझं म्हणणं समजलंच नाही," एवढं म्हटलं की तो सुटला.

धुक्याला कधी कधी भीतीचंही कारण असतं, हेही कबूल करायला हवं. आपल्या महानुभावांचंच बघा. केशिराजांनी संस्कृतात ग्रंथरचना करायची म्हटली, तर नागदेवाचार्यांनी अडवलं. त्याने माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, अशा अर्थाचं ते बोलले. मराठीच्या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग हा. पण त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लपवले, इतके की ते वाचायला विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्यांना लिपी फोडावी लागली. म्हाताऱ्यांसाठी मराठीत आलेलं ज्ञान म्हाताऱ्यांपासूनच दूर गेलं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण मामा, फ्रेंच माणसांना नुसतं नावं ठेवू नका. पॉयत्वँ पण फ्रेंचच होते." आणि ती बरोबर बोलली. गी पॉयत्वँ १९७२ साली पुण्यात आले आणि इथलेच झाले; २००४ मध्ये गेले. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचं नाव आहे, तिचं गाव आहे. नुसती 'मौखिक संहिता' नाही. अमक्या गावची अमकी बाई असं म्हणाली. कर्ता, क्रियापद, संपलं.

भाऊबिजेच्या दिवशी सकाळी भाचीने पहिलं पान नव्याने लिहिलं. साधंच. माझी आजी चौदाव्या वर्षी सासरी आली, पहाटे दळायला बसायची, सासूबद्दल जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते ओवीत म्हणायची, असं. खाली सासूच्या जाचाची एक ओवी. मग आजीला समोर बसवून वाचून दाखवलं.

आई कान देऊन ऐकत होती. ओवी आली तशी तिने हात वर केला.

"थांब. ती माजी न्हाई."

"म्हणजे?"

"अगं, जात्यावर दोगी बसायचो आमी. मी आन् पलीकडच्या घरातली एक. ती ओवी तिची. तिला लई जाच हुता. आमच्या आत्याबाईंनी मला कदी दुखावलं न्हाई. त्यांच्या नावावर कशाला घालतीस ते?"

भाची गप्प. दीड वर्ष ती ओवी तिच्या प्रबंधात आईच्या नावावर होती. तिच्यावर दोन पानांचं विश्लेषण होतं, आणि त्यात माझ्या आजीला, जी मला मांडीवर घेऊन दूधभात भरवायची, तिला न सांगता न विचारता जाच करणारी सासू ठरवलेलं होतं. आत्तापर्यंत कोणाला पत्ता नव्हता. मार्गदर्शकांना नाही, आम्हाला नाही. जिला माहीत होतं तिला ते वाचून दाखवता येत नव्हतं.

मग आईने त्या दुसऱ्या बाईचं नाव सांगितलं, माहेर सांगितलं, तिचं पुढे काय झालं ते सांगितलं. बराच वेळ सांगत होती. भाची लिहून घेत होती. त्या बाईला जाऊन तीस वर्षं झाली. तिचं नाव कुठे कागदावर येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल.

प्रबंधाचं पुढे काय होईल मला माहीत नाही. भाची म्हणते, थोडे फुको-देरिदा ठेवावेच लागतील, आणि फुकोचा एक मुद्दा तिला खरोखर लागतोही. ठेव म्हटलं. फक्त प्रत्येक वाक्यात कोण काय करतंय ते दिसू दे, आणि प्रत्येक प्रकरण झालं की आजीला वाचून दाखव.

परवा फोनवर आई म्हणाली, "दुसरा पाठ वाचला तिनं. त्यात बी दोन चुका निगाल्या." आवाजावरून खुशीत दिसली.